नवी बंदूक, जुनी स्प्रिंग

आमच्याकडे दूध आलं की मी आधी एक थेंब नखावर धरायचो, तो ओघळतो का ते पाहायचो आणि मग गवळ्याच्या तोंडाकडे पाहायचो. कापड घेतलं तर त्याचा धागा काढून, जाळून वास घ्यायचो. बाजारात रुपया हाती आला की दगडावर वाजवल्याशिवाय खिशात घालायचो नाही. बायको म्हणायची, "तुमाले पाहून म्हैसबी पान्हा चोरते." मला त्याचा राग येत नसे. भोळा माणूस लुटला जातो, संशयी माणसाचं फार तर हसं होतं, अशी माझी समजूत होती. ती समजूत कुठे चुकली तेच सांगायला बसलो आहे.

देऊळघाटला गावाबाहेर आमची जांबाची बाग होती. पुण्याकडचे लोक जांबाला पेरू म्हणतात. झाडं वडिलांनी लावलेली, फळ गोड, आणि ते पिकल्याची बातमी आमच्याआधी पोपटांना लागायची. पोपट जांब खातो म्हणावं तर तेही नाही. एकाला चोच मारतो, टाकतो, दुसऱ्याला मारतो. पोट भरून खाल्लं असतं तर एवढा संताप आला नसता. गोफण मला कधी साधली नाही. माझा दगड पोपट सोडून सगळीकडे जायचा. एकदा शेजाऱ्याच्या बैलाला लागला तर पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. बायको मात्र रॉकेलचा रिकामा डबा काठीनं बडवायची आणि अख्खा थवा उठून जायचा. डबा बडवणं मला कमीपणाचं वाटे. मला बंदूक हवी होती.

तेव्हा आमचं सरकार नागपूरला होतं, आणि दारूच्या बंदुकीचा परवाना काढायचा तर बुलढाण्याच्या कचेरीत जोडे झिजवावे लागत. छर्‍याच्या बंदुकीचं तसं नव्हतं. नळी वाकवायची, मुगाएवढा शिशाचा छर्रा आत घालायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. आतली स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, आणि कोंडलेल्या हवेच्या धक्क्यानं छर्रा बाहेर पडतो. दारू नाही, धूर नाही, परवाना नाही. चांगल्या बंदुका विलायतेहून येत आणि त्यांची किंमत ऐकून गोऱ्हा विकत घेणारा माणूससुद्धा मागे सरे.

या बंदुकांचं वेड आमच्या घराण्यात आणलं ते माझ्या मामांनी. मामा दुसरबीडचे. जमीन मोठी आणि त्या जमिनीचा खटला जमिनीहून मोठा. तारखेला ते बुलढाण्याला येत आणि मुक्काम आमच्याकडे ठोकत. मुंबईच्या एका दुकानाचं सूचीपत्र कायम त्यांच्या पिशवीत असे. त्यांना इंग्रजी येत नसे, म्हणून ते चित्रं पाहत आणि मजकूर मी वाचून दाखवायचा. एका वर्षी 'सुधारित नमुना', पुढच्या वर्षी 'नवा सुधारित नमुना', त्याच्या पुढच्या वर्षी 'विशेष सुधारित नमुना'.

मी एकदा विचारलं, "मामा, दरसाल सुधारून राह्यले, तं मांगच्या साली घेतलेली बंदूक काय बिघडलेली होती?"

मामांच्या बोलण्यात जालन्याकडची झाक होती. ते म्हणाले, "तुला नवं काही बघवत नाही. देवानं तुला डोळे दिले ते फक्त खोट काढायला."

बोललो तेव्हा मी खराच होतो. पण संशयी माणसालाही हाव सुटते, हे कोणी लक्षात घेत नाही. त्या वर्षी सूचीपत्रात जी बंदूक आली तिचं वर्णन मीच मामांना वाचून दाखवलं आणि वाचता वाचता मीच फसलो. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्याच्यावर हात घसरू नये म्हणून कोरलेली नक्षी, नेमासाठी फिरत्या चाकाची माशी आणि जुन्या नमुन्याच्या दीडपट जोर. मामांकडे आदल्या सालची होती. मला वाटलं, एकदा तरी मामांच्या वरताण वस्तू आपल्या घरात असावी. पोपटांचं कारण होतंच. बायकोला ते सांगितलं तेव्हा तिनं कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं.

श्रावणात मलकापूर स्टेशनावर पार्सल उतरलं आणि मोटारीनं घाट चढून बुलढाण्याला आलं. लाकडाच्या पेटीत, गवताच्या गादीवर, अशी ती आली. बरोबर एक छापील कागद होता. त्यावर कंपनीनं बजावलं होतं की या बंदुकीला फक्त आमचं खास तेल वापरावं, खाण्याचं तेल कधीही घालू नये. तेलाची कुपी वेगळी मागवायची, किंमत वेगळी. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, बंदूक विकून पोट भरलं नाही, आता जन्मभर तेल विकणार! तो कागद मी चुलीत घातला.

मामा पुढच्याच तारखेला त्यांची बंदूक घेऊन हजर झाले. बागेत दगडावर रॉकेलचा डबा ठेवला, चाळीस पावलं मोजली. मामांनी जुनी उडवली, मी नवी. दोन्हींनी डब्याला पोचे पाडले. डबा कुणाचा फुटला नाही.

"नवीचा पोचा खोल आहे," मामा म्हणाले. नव्याची बाजू घ्यायची त्यांना सवयच.

मी घरात जाऊन मूठभर तीळ आणले. डबा आडवा धरून एका पोच्यात तीळ भरले, मोजले. दुसऱ्यात भरले, मोजले. दोन्हीकडे नऊ-नऊ तीळ. पुन्हा पाच-पाच छर्रे उडवले, पुन्हा तीळ. एखाददुसऱ्या तिळाचा फरक, तोही कधी इकडे कधी तिकडे. दीडपट जोर कुठे गेला? मामा म्हणाले, तीळ मोजून कोणी बंदूक पारखतं का? मी म्हटलं, सूचीपत्र वाचून तरी कोणी पारखतं का?

दुसऱ्या दिवशी दोन्ही बंदुका घेऊन मी चाचांकडे गेलो.

चाचा म्हणजे आमच्या गावचे मिस्त्री. वेशीजवळ शिंप्याच्या शेजारी त्यांचं चार हात रुंदीचं दुकान. कुलपं, शिवणयंत्रं, कंदील, ग्रामोफोन, जे बिघडेल ते लोक त्यांच्यापुढे आणून ठेवत. त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या. पहिली अशी की जो भाग बदलला तो ते कधी ठेवून घेत नसत. गंजका खिळा का असेना, चिंधीत बांधून पुडकी करायची आणि वस्तूबरोबर मालकाच्या हातात द्यायची. दुसरी रीत अशी की दुकानात बसायला काही नव्हतं. पाट नाही, बाकडं नाही, साधं पोतंही नाही. कोणी उभा राहिलाच तर चाचा म्हणत, "उभं राहून काय करता? दिवस मावळता या." आणि लोक जात. बाया नवऱ्यालाही न दाखवलेल्या पेट्या कुलपासकट तिथे ठेवून बाजार करायला जात. दुसऱ्या गावचा एखादा विचारी, समोर बसून नको का करून घ्यायला? तर शिंपी हसे. त्या चार हातांच्या दुकानात चाचांची सगळी कमाई हीच होती, की त्यांच्याजवळ कोणाला बसावं लागत नाही.

मी अर्थात उभा राहिलो. माझ्यापुरती त्यांनी सूट दिली, कारण माझा स्वभाव गावाला ठाऊक होता. त्यांनी दोन्ही बंदुका सोडल्या आणि सगळे भाग फडक्यावर शेजारी शेजारी मांडले. दट्ट्या तोच. दट्ट्याच्या तोंडाचा चामड्याचा वायसर तोच. स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या तर एका उंचीच्या, एका जाडीच्या, वेढेसुद्धा तितकेच.

"भाऊ," चाचा म्हणाले, "लुगडं नवं हाये. अंदरची बाई थेच हाये."

शिंप्यानं सुई थांबवली आणि हसला. मला संताप आला आणि आनंदही झाला. संताप पैशाचा, आनंद आपण बरोबर ठरल्याचा. चाचांनी नव्या बंदुकीची माशी डोळ्याला लावून पाहिली आणि म्हणाले, "पन हे मात्र बराबर केलं त्यायनं. नेम पक्का बसते. खोटं काऊन बोलाचं?" ते माझ्या कानात शिरलं नाही.

भाग पुन्हा बसवण्याआधी मी म्हटलं, चाचा, दोन बंदुकांचे भाग एकमेकांत मिसळायला नकोत. त्यांनी कानस माझ्या हातात दिली. "तुमीच खूण करा." मी माझ्या स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यावर तीन उभ्या रेघा आणि त्यांच्यावर एक आडवी रेघ ओढली. आमच्या घरच्या पोत्यांवर हीच खूण असे. मुंबईच्या दुकानामार्फत कंपनीला मी एक लांबलचक पत्रही लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीचं सूचीपत्र मात्र माझ्याही नावानं आलं.

मग आश्विन आला आणि खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार आणि अवजार खाली येतं. विळे, कुऱ्हाडी, पास, तिफणीचं फण, आजोबांची बोथट तलवार, सगळं धुऊन पुसून मांडायचं, त्याला तेल लावायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. त्या वर्षी मधोमध बंदूक होती. तेल घरच्या करडीचं. मी दस्ता चोळला, नळी चोळली, आणि जिथून हवा येते त्या भोकातही दोन थेंब सोडले. कुऱ्हाडीला वरून तेल पुरतं, पण हिचा जीव आत आहे, असा माझा विचार. बायको म्हणाली, "तिले प्याले काऊन देऊन राह्यले?" मी म्हटलं, वर्षातून एकदा देवाचं तेल, त्यानं काय होतं?

दसऱ्याच्या दिवशी सोनं लुटायला निघण्याआधी मी बागेत जाऊन चाप ओढला. धाड् करून आवाज झाला. नळीतून निळसर धूर निघाला, आणि छर्रा रॉकेलच्या डब्याच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं पार गेला. अख्ख्या बागेतले पोपट उडाले, वर वडावर बसलेले बगळेही उडाले. मी बंदुकीकडे पाहतच राहिलो.

काय झालं असेल याचा मी विचार केला, आणि पोपट उडालेले पाहून खूश झालेल्या माणसानं जसा करावा तसा केला. मला वाटलं, नवा नमुना लोणच्यासारखा मुरावा लागत असेल. कंपनी खोटं बोलली नव्हती, मीच घाई केली. आवाज मंदावला की मी तेलाचे दोन थेंब सोडायचो आणि पुन्हा धाड् व्हायचं. यंत्र आहे, गाडीच्या चाकालाही वंगण लागतं. मी लोकांना बागेत बोलावून डबे फोडून दाखवले. कंपनीला दुसरं पत्र लिहिलं आणि पहिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. आयुष्यात एखाद्या कंपनीची माफी मागणारा वऱ्हाडात मी एकटाच असेन.

मार्गशीर्षात एका सकाळी चाप ओढला तर आत काहीतरी कडाडलं आणि छर्रा नळीच्या तोंडाशी टपकन खाली पडला. नळी वाकवली तर काही जोरच नाही. मामाही त्याच आठवड्यात आले होते. त्यांच्याही बंदुकीचा वायसर वाळून तिचा जोर कमी झाला होता. दोन्ही बंदुका चाचांकडे गेल्या. मला मामांबरोबर त्यांच्या तारखेला कचेरीत बसायचं होतं, म्हणून मी पहिल्यांदाच तिथे उभा राहिलो नाही.

दोन दिवसांनी आणायला गेलो तेव्हा चाचा म्हणाले, "भाऊ, तुमची स्प्रिंग तुटली. वायसरबी जळला. विलायतेत लढाई लागली, तिकडचा माल येतच नाई, म्हनून म्या तार पिळून स्प्रिंग बसोली. तिच्यावानी जोर नाई येनार. जुनं सारं या पुडकीत हाये." आणि मग हळूच म्हणाले, "अन् हिले गोड तेल पाजू नका. हे काई समई नोहे."

मी पुडकी कोटाच्या खिशात घातली आणि घरी येऊन अवजारांच्या पेटीत टाकली.

बागेत डबा मांडला. माझ्या बंदुकीच्या पोच्यात चार तीळ मावले. मामांच्या पोच्यात नऊ. मामा खुशीत होते. म्हणाले, "मिस्त्रीनं कमाल केली. माझी तर नव्यासारखी झाली."

त्यांच्या तोंडून 'नव्यासारखी' निघालं आणि माझ्या डोक्यात सगळं जुळलं. माझी स्प्रिंग डबे फोडणारी. लढाईमुळे बाजारात तशी स्प्रिंग मिळत नाही. दोन्ही बंदुका एकाच दिवशी एकाच फडक्यावर. मी हजर नाही. मामा मोठे खातेदार, त्यांची मर्जी कोणाला नको? माझी चांगली स्प्रिंग मामांच्या बंदुकीत गेली आणि माझ्या गळ्यात तार पडली. तेलाबद्दल जे बोलले ते मला उलटं चोरानं शहाणपण शिकवल्यासारखं वाटलं. वाटेल तसा फिरवून पाहिला तरी कुठे सैल न पडणारा असा तो संशय होता, आणि तसा संशय हाती लागला की मला फार बरं वाटत असे.

बायको म्हणाली, "पुडकी सोडून तं पाहा."

"पुडकीत कोनाचीबी तुटकी स्प्रिंग असू शकते," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला ती सोडायचीच नव्हती. त्यात माझ्या खुणेची स्प्रिंग निघाली असती तर इतका घट्ट बसलेला संशय वाया गेला असता. हे मला तेव्हाही थोडं थोडं कळत होतं. दुधाचा थेंब नखावर धरणारा मी, चार गाठींची एक चिंधी सोडायला तयार नव्हतो.

बाजाराच्या दिवशी मी वेशीजवळ गेलो. गर्दी होती. मी आवाज चढवून म्हटलं, "चाचा, माही स्प्रिंग मामाच्या बंदुकीत घातली तुमी. विलायती काढली अन् मले तार देली."

शिंप्याचं यंत्र थांबलं. चाचांच्या हातात कंदिलाची काच होती, ती त्यांनी आधी नीट खाली ठेवली.

"पुडकी पाह्यली का भाऊ?"

"पुडकीचं मले सांगू नका."

"पाहा. मंग बोला."

"पाहाची काय गरज? बंदूक सांगून राह्यली ना!"

त्यांनी कंदील पुसायला घेतला. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. एक बाई पेटी ठेवून निघाली होती ती थांबली. तिनं विचारलं, "चाचा, किती येळ लागन? म्या थांबतो इथंच." चाचा म्हणाले, "थांबा माय."

पुढच्या बाजारी त्यांच्या दुकानापुढे एक बाकडं आलं. ते त्यांनी स्वतःच फळ्या ठोकून केलं होतं. लोक बसू लागले. समोर बसून कुलूप उघडून घ्यायचे, समोर बंद करून घ्यायचे. कोणाचा त्यांच्यावर राग नव्हता, कोणी चोर म्हणत नव्हतं. फक्त आता सगळे बसत होते. येता जाता मला ते बाकडं दिसे आणि मी मनात म्हणे, बरंच झालं, चार लोक सावध झाले. चाचा मला पाहून पूर्वीसारखंच "भाऊ" म्हणत. मी मान हलवून पुढे जाई. असं वर्ष गेलं. बंदूक खुंटीला होती. पोपट बायकोच्या डब्याला भीत होते.

पुन्हा खंडेनवमी आली. अवजारांची पेटी खाली आली. बायको विळे काढत होती, त्यात ती पुडकी तिच्या हाताला लागली. तिला विळे पुसायला चिंधी हवी होती, म्हणून तिनं गाठी सोडल्या. मी करडीच्या तेलाची वाटी घेऊन समोर बसलो होतो, बंदुकीच्या भोकाशी बोट नेलेलं.

"अहो," ती म्हणाली, "हे आपली पोत्यावरची खूण नाई का?"

स्प्रिंगचे दोन तुकडे होते. एका तुकड्याच्या शेवटच्या वेढ्यावर तीन उभ्या रेघा आणि एक आडवी. माझ्या हातच्या, थोड्या तिरप्या. आणि चामड्याचा वायसर, काठानं जळून कोळसा झालेला. मी तो नाकाशी नेला. वर्ष होऊन गेलं होतं तरी त्याला कढईत करपलेल्या करडीच्या तेलाचा वास होता. वाटीतल्या तेलाचा वास घेतला, पुन्हा वायसरचा घेतला. कितीदा घेतला कोण जाणे.

हवा दाबली की ती तापते, आणि आतलं तेल पेट घेतं. म्हणून आवाज, म्हणून धूर, म्हणून डबा पार. दीडपट जोर कंपनीचा नव्हता, तो आमच्या घाण्याच्या तेलाचा होता, आणि त्या भडक्यानंच वायसर जळला आणि स्प्रिंग तुटली. कंपनीनं अख्ख्या सूचीपत्रात जे लिहिलं ते मी विश्वासानं घेतलं आणि जो एक कागद खरा होता तो चुलीत घातला. लोक मला पुढे विचारत, नवे महाग नमुने घ्यावेत का? मी सांगे, माशी चांगली देतात, लाकूड चांगलं देतात, आत जुनंच असतं, आणि फुकटचा सल्ला देतील तो मात्र ऐका. कंपनीबद्दल मी निम्मा तरी बरोबर होतो. माणसाबद्दल पुरता चुकलो होतो. मला इतकी लाज वाटली की बायकोसमोर मला रडू आलं. ती तेलाची वाटी माझ्या हातातून काढून घेऊन आत गेली.

दसऱ्याला मी आपट्याची पानं घेतली, पुडकी घेतली आणि वेशीजवळ गेलो. त्या दिवशीही गर्दी होती, आणि ती असावी अशीच माझी इच्छा होती. मी स्प्रिंगचे तुकडे बाकड्यावर ठेवले आणि जितक्या मोठ्यानं आरोप केला होता तितक्याच मोठ्यानं म्हटलं, "हे माही स्प्रिंग हाये. खूण माह्या हातची हाये. चाचा खरे होते, म्या खोटं बोललो. पुडकी म्या काल पाह्यली."

चाचांनी तुकडे पाहिलेही नाहीत. त्यांनी सोनं घेतलं, कपाळाला लावलं, मला जवळ घेतलं. "जाऊ द्या भाऊ. सनाचा दिवस हाये." शिंप्यानं डोळे पुसले. घरी जाताना माझी पावलं हलकी होती. बायकोला मी दोनदा सांगितलं, की त्यांनी मला जवळ घेतलं.

पुढच्या बाजारी दुकानापुढे बाकडं नव्हतं. लोक वस्तू ठेवत आणि निघून जात. मला इतकं बरं वाटलं की मी घरी जाऊन बंदूक खांद्यावर टाकून आणली. म्हटलं, चाचा, तारेची स्प्रिंग ढिली झाली, जमेल तशी करा. दिवस मावळता येतो. आणि वळलो.

"भाऊ, थांबा."

ते उठून आत गेले. मागच्या भिंतीला उभं करून ठेवलेलं बाकडं त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आणलं, दारापुढे मांडलं आणि फडक्यानं पुसलं.

"बसा."

"काऊन चाचा? मले तुमच्यावर भरोसा हाये."

"मले मालूम हाये. तुमच्यासाठी नाई म्हनून राह्यलो भाऊ. माह्यासाठी बसा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काही बोललो असतो. मी बसलो. त्यांनी पहिला स्क्रू सोडला, माझ्याकडे वळवून दाखवला आणि फडक्यावर ठेवला. तेवढ्यात एक बाई आली, तिनं कुलूप लावलेली पेटी दुकानात ठेवली, "येतो चाचा" म्हणाली आणि मागे वळून न पाहता बाजारात निघून गेली.